शेरा ‘ऑस्टिओपेनिया’, पण मनगट मोडून झालेलं : आईंनी गोळी घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ६३ वर्षांच्या, वजन ४६ किलो, उंची १४८ सेंटिमीटर. पाळी ४३व्या वर्षीच गेली. दोन वर्षांपूर्वी अंगणात पाय घसरून उजवं मनगट मोडलं, प्लास्टर झालं, हात जुळला. आजीचा, म्हणजे आईच्या आईचा, म्हातारपणी खुबा मोडला होता. यंदा सोसायटीच्या शिबिरात टाचेच्या मशीनवर टी-स्कोअर, म्हणजे हाडांच्या घनतेचा आकडा, उणे ३.१ आला म्हणून घाबरून डेक्सा (हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी) केला. त्यात कमरेच्या मणक्यांचा उणे १.६ आणि खुब्याच्या मानेचा उणे २.२ आला, आणि खाली शेरा पडला ‘ऑस्टिओपेनिया’, म्हणजे घनता थोडी कमी. डॉक्टरांनी अ‍ॅलेंड्रोनेटची आठवड्याला एक, हाडांची झीज रोखणारी गोळी लिहून दिली. दोन गोळ्या झाल्या आणि कुणीतरी जबड्याचं हाड सडल्याचे फोटो पाठवले. आईंनी गोळी बंद केली. ड जीवनसत्त्वाचं ६०,००० युनिटचं पाकीट मात्र वर्षभर दर आठवड्याला चालू आहे, शिवाय रोज कॅल्शियम. तुम्ही विचारता की हा ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) आहे की नाही, गोळी खरंच लागते का, आणि हाडं पुन्हा पहिल्यासारखी होतील का.

मी आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. पण तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला वाटतं की औषध घ्यायला हवं. त्याचं मुख्य कारण उणे २.२ हा आकडा नाही, ते मोडलेलं मनगट आहे.

उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं, म्हणजे जिन्यावरून कोसळणं नाही, गाडीची धडक नाही, नुसतं चालताना घसरणं, तर ते हाड पुरेसं मजबूत नव्हतं असं आम्ही धरतो. पन्नाशीनंतर असं एक हाड मोडलं की पुढचं मोडण्याची शक्यता साधारण दुपटीने वाढते, आणि पहिल्या दोन वर्षांत ती सर्वांत जास्त असते. आपल्याकडे मनगट मोडलं की हाड बसवतात, प्लास्टर घालतात, फिजिओथेरपी होते आणि प्रकरण मिटतं. ‘हे मोडलं कशामुळे?’ हा प्रश्न त्या सहा आठवड्यांत कुणी विचारत नाही. तो तेव्हाच विचारला गेला असता तर आईंची तपासणी शिबिरासाठी थांबली नसती. पन्नाशीपुढची बाई घसरून मनगट धरून येते, तेव्हा तिच्या हाडांची चौकशी त्याच आठवड्यात सुरू व्हावी असं मला कळकळीने वाटतं, कारण आणखी दहा-पंधरा वर्षांनी तीच बाई खुबा मोडून येऊ शकते. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक तरी वर्षभरात दगावतो, आणि जगलेल्यांतले बरेच जण पुन्हा आधाराशिवाय चालू शकत नाहीत. आजींचं तुम्ही घरात पाहिलेलंच आहे.

आता आकड्यांकडे. टाचेचं मशीन ध्वनिलहरींवर चालतं, डेक्सा अगदी कमी मात्रेच्या क्ष-किरणांवर. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ मध्ये ऑस्टिओपेनिया, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस ही जागतिक आरोग्य संघटनेची १९९४ सालची वर्गवारी डेक्सासाठी आहे. टाचेच्या आकड्याला ती लावताच येत नाही. शिबिरातल्या कागदावरून फार तर डेक्सा करायचा की नाही एवढंच ठरवता येतं. त्यामुळे उणे ३.१ विसरून जा.

टी-स्कोअर म्हणजे निरोगी तरुण वयातल्या सरासरी घनतेपासून तुमची घनता किती खाली आहे, ते सांगणारी संख्या. उणे २.५ ही रेघ डॉक्टरांनी सोयीसाठी आखलेली आहे. उणे २.४ ची बाई सुरक्षित आणि उणे २.६ ची धोक्यात, असं काही हाडात घडत नसतं. घनता कमी झाली की धोका हळूहळू चढत जातो. आणि अनेक मोठ्या पाहण्यांत दिसलेली गोष्ट अशी की एकूण मोडणाऱ्या हाडांपैकी निम्म्याहून जास्त ऑस्टिओपेनियाच्या पट्ट्यातल्या बायकांची असतात. त्या पट्ट्यातल्या प्रत्येकीचा धोका कमी असला तरी अशा बायकांची संख्याच फार मोठी आहे. म्हणून ‘ऑस्टिओपेनियाच आहे, काळजी नको’ हे वाक्य मला पटत नाही. तसंच ‘ऑस्टिओपेनिया आहे, लगेच गोळी’ हेही पटत नाही. पन्नाशीतली, धडधाकट, कधी हाड न मोडलेली, घरात कुणाचा खुबा न मोडलेला अशी बाई उणे १.८ घेऊन आली तर मी तिला औषध देत नाही. व्यायाम, आहार, आणि काही वर्षांनी पुन्हा डेक्सा, एवढंच.

तुम्ही डेक्साच्या कागदाचा जो फोटो जोडला आहे, त्यात मला एक गोष्ट खटकली. कमरेच्या चार मणक्यांपैकी (वरून खाली एल-१ ते एल-४) एकाचा आकडा शेजाऱ्यांशी जुळत नाही. एल-१ उणे २.४, एल-२ उणे २.३, एल-३ उणे ०.४ आणि एल-४ उणे १.२. एल-३ शेजारच्या एल-२ पेक्षा जवळजवळ दोनने वर आहे. शेजारच्या मणक्यांपेक्षा एकाहून जास्त फरक असलेला मणका हिशेबातून वगळायचा असा नियम आहे, आणि इथे तो वगळलेला दिसत नाही. वगळला तर उणे १.६ ऐवजी आकडा उणे २ च्या जवळ जातो. एखादा मणका असा वर का दिसतो? एक कारण म्हणजे वयानुसार मणक्याच्या कडेला वाढलेलं हाड. मशीन तेही मोजतं आणि घनता खोटी वाढलेली दिसते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे : मणका दबला गेला असेल तर तेवढाच चुना (हाडातलं कॅल्शियम) कमी जागेत कोंबला जातो, आणि चौरस सेंटिमीटरमागे ग्रॅम मोजणाऱ्या मशीनला तो उलट जास्त घट्ट वाटतो. म्हणजे मोडलेला मणका कागदावर सर्वांत मजबूत दिसू शकतो.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की पाठीचा आणि कमरेचा बाजूने एक एक्स-रे काढा. खर्च फार नाही. मणक्यांची दोन तृतीयांश फ्रॅक्चर्स कुणाला कळतच नाहीत. मध्ये कधीतरी आठ-पंधरा दिवस पाठ धरते, ‘उसण भरली’ म्हणून तेल चोळलं जातं, आणि दुखणं जातं. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका बीपीसाठी येत असत. एकदा त्या बोलता बोलता म्हणाल्या, “आताशा साडी नेसताना खाली लोळते, निऱ्यांना आत जास्त खोचावं लागतं.” भिंतीला टेकवून उंची मोजली. पासपोर्टच्या अर्जावर त्यांनी पूर्वी लिहिलेल्या उंचीपेक्षा ती पाच सेंटिमीटरने कमी भरली. एक्स-रेत तीन मणके पाचरीसारखे दबलेले होते आणि त्यांना त्याची कल्पनाही नव्हती. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटरच्या आसपास घट झाली असेल तर एक्स-रे हवाच. आईंचा लग्नातला फोटो काढा, बाबांच्या खांद्याला कुठे लागत होत्या ते पाहा, आणि आज दोघांना शेजारी उभं करा. बाबाही थोडे खुजे झाले असतील, पण अंदाज येतो. एक्स-रेत मणका दबलेला सापडला तर टी-स्कोअर काहीही असो, निदान ऑस्टिओपोरोसिसचं. नाही सापडला तरी कमी घनता आणि अशा साध्या पडण्यातून मोडलेलं मनगट, या जोडीला आता बरेच तज्ज्ञ ऑस्टिओपोरोसिस म्हणूनच वागवतात.

धोका मोजायचं एक साधन आहे, फ्रॅक्स. इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठात ते २००८ मध्ये तयार झालं. वय, वजन, उंची, आधी मोडलेलं हाड, आई-वडिलांचा मोडलेला खुबा, सिगारेट, दारू, स्टेरॉइड, आमवात अशी माहिती आणि खुब्याच्या मानेची घनता भरली की पुढच्या दहा वर्षांत खुबा किंवा इतर मुख्य हाड मोडण्याची टक्केवारी मिळते. भारतासाठी वेगळा पर्याय निवडता येतो. डॉक्टरांना ते तुमच्यासमोर भरायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. पण त्याच्या मर्यादाही लक्षात ठेवा. हाड एकदा मोडलं की तीनदा, गेल्या वर्षी की वीस वर्षांपूर्वी, हे ते विचारत नाही. वारंवार तोल जातो का, हेही विचारत नाही. टाइप २ मधुमेहात घनता चांगली दिसूनही हाडं मोडतात, तेही त्यात नीट पकडलं जात नाही. आईंच्या बाबतीत लवकर गेलेली पाळी, कमी वजन, आजींचा खुबा आणि मनगट हे सगळं एकाच बाजूला झुकतं, त्यामुळे टक्केवारी काय येते यावर माझं मत फारसं बदलणार नाही.

औषध सुरू करण्याआधी रक्ताच्या थोड्या तपासण्या हव्यात, आणि त्या टाळू नका : हिमोग्लोबिन व ईएसआर, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन, थायरॉइड, ड जीवनसत्त्व. शंका आली तर पॅराथायरॉइडचं हार्मोन आणि प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस. पॅराथायरॉइडची गाठ, थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त होणं, आतड्याचा सीलिएक आजार, मायलोमासारखा रक्ताचा कर्करोग, ही कारणं सापडली तर उपचार वेगळाच होतो. आपल्याकडे आणखी एक गोष्ट फार आढळते. ड जीवनसत्त्व अतिशय कमी असलं तर हाडात चुनाच नीट भरत नाही. हा वेगळा आजार आहे, पण डेक्सावर तोही ‘घनता कमी’ असाच दिसतो. तशात हाडांचं जोरदार औषध दिलं तर रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली येऊ शकतं. म्हणून आधी ड भरून काढायचं, मग बाकीचं.

आईंच्या बाबतीत मला उलट काळजी आहे. ६०,००० युनिटचं पाकीट साधारण आठ आठवडे दर आठवड्याला आणि पुढे महिन्याला एक, अशी नेहमीची पद्धत आहे. कुणी ‘थांबवा’ म्हटलं नाही म्हणून ते वर्षभर दर आठवड्याला चालू राहतं, असं मी वरचेवर पाहते. आता पुढचं पाकीट घेऊ नका, आधी रक्तातलं ड आणि कॅल्शियम तपासा. भूक मंदावणं, बद्धकोष्ठ, सारखी तहान, लघवी जास्त होणं, गोंधळल्यासारखं वाटणं यांतलं काही असेल तर ती तपासणी उद्याच करा. जास्त ड म्हणजे जास्त मजबुती असं नसतं. ऑस्ट्रेलियात वयस्क बायकांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट एकदम देऊन पाहिले, तेव्हा त्या गटात पडणं आणि हाड मोडणं दोन्ही वाढलं. २०१० साली ते प्रसिद्ध झालं. म्हणून ६ लाखांच्या इंजेक्शनला माझा विरोध आहे.

कॅल्शियम दिवसाला एकूण १००० ते १२०० मिलिग्रॅम पुरतं, आणि त्यात जेवणातलं धरायचं. दोन कप दूध, एक वाटी दही आणि नाचणीची एक भाकरी इथेच आठशेच्या आसपास होतं. डाळी, तीळ, भाज्या वरून. पालकात कॅल्शियम दिसतं, पण ते अंगी फारसं लागत नाही. एवढं खाणं होत असेल तर ५०० ची एक गोळी, तीही जेवणाबरोबर, भरपूर झाली. दूध पचत नसेल, खाणंच कमी असेल तर दोन. पण ‘कॅल्शियम घेते ना, मग औषध कशाला’ हे चालणार नाही. पाळी गेल्यावर हाड खाणाऱ्या पेशी हाड भरणाऱ्या पेशींच्या पुढे जातात. नुसत्या कॅल्शियमने तो वेग आटोक्यात येत नाही. अ‍ॅलेंड्रोनेट नेमकं तिथेच काम करतं.

आता भीतीबद्दल, कारण खरा अडथळा तोच आहे. जबड्याचं हाड उघडं पडण्याचा त्रास खरा आहे, कुणी तो नाकारत नाही. पण जे फोटो फिरतात ते बहुतेक कर्करोगाच्या रुग्णांचे असतात. त्यांना याच गटातलं औषध शिरेतून महिन्या-महिन्याला, ऑस्टिओपोरोसिसच्या कित्येक पट दिलं जातं. हाडांसाठी आठवड्याची गोळी घेणाऱ्यांत हा त्रास वर्षाला दहा हजारांत एक किंवा त्याहूनही कमी जणांना होतो. काळजी एवढीच घ्यायची : सुरू करण्याआधी दाताच्या डॉक्टरांना दाखवा, एखादा दात काढायचाच असेल तर आधी काढून जखम भरू द्या. नंतर दात साफ करून घेणं, सिमेंट भरणं, रूट कॅनाल यांना हरकत नाही. दुसरा दुर्मीळ त्रास म्हणजे मांडीच्या हाडाला मधोमध पडणारी वेगळ्या प्रकारची चीर. ती मुख्यतः बरीच वर्षं सलग औषध घेतलेल्यांत दिसते, म्हणूनच पाच वर्षांनी (याच गटातलं औषध सलाइनमधून घेत असाल तर तीन) थांबून विचार करायचा असतो. धोका कमी झाला असेल तर विश्रांती देता येते, कारण हे औषध हाडात मुरलेलं राहतं.

पारड्याच्या दुसऱ्या बाजूला काय आहे? १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत, आधीच मणका दबलेल्या बायकांना अ‍ॅलेंड्रोनेट दिल्यावर तीन वर्षांत नवे मणके दबण्याचं आणि खुबा मोडण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. आणि तुमच्या ‘ऑस्टिओपेनिया’च्या प्रश्नाला थेट भिडणारी चाचणी न्यूझीलंडची, २०१८ ची. ६५ वर्षांपुढच्या, ऑस्टिओपेनियाच्या पट्ट्यातल्या २००० बायकांपैकी निम्म्यांना दर दीड वर्षाने याच गटातल्या झोलेड्रोनेटचं सलाइन दिलं. सहा वर्षांत त्यांच्यात साध्या पडण्यातून होणारी फ्रॅक्चर्स सुमारे ३७ टक्क्यांनी कमी झाली.

गोळी घ्यायची रीत मात्र कसोशीने पाळावी लागते. ठरलेल्या वारी, सकाळी उठल्याबरोबर, चहाच्याही आधी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर गोळी गिळायची. चावायची नाही. मग किमान अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही आणि आडवं व्हायचं नाही. बसा, उभं राहा, देवपूजा करा, फिरून या. चहा-दुधाबरोबर घेतली तर गोळी अंगात शिरतच नाही, आणि घेऊन आडवं झालं तर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. त्या दिवशी कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर. आईंना सकाळी चहाशिवाय राहवत नसेल, छातीत जळजळ होत असेल किंवा एकदा सोडलेली गोळी पुन्हा सुटेल असं वाटत असेल तर वर्षातून एकदा झोलेड्रोनेटचं ५ मिलिग्रॅमचं सलाइन हा सोपा मार्ग आहे. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि ड जीवनसत्त्व आधी पाहायचं, आदल्या दिवसापासून भरपूर पाणी. पहिल्या वेळी एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी होते. पॅरासिटामॉल पुरतं, घाबरून दवाखान्यात भरती व्हायची गरज नाही.

दर सहा महिन्यांनी पोटाच्या कातडीखाली देतात त्या डेनोसुमॅबच्या इंजेक्शनचं नाव कुणी सुचवेल. औषध चांगलं आहे, मूत्रपिंड कमजोर असेल तर उपयोगी आहे. पण ते हाडात मुरत नाही. डोस लांबला किंवा मनानेच बंद केला तर घनता झपाट्याने उतरते आणि एकापाठोपाठ दोन-तीन मणके दबलेले आम्ही पाहतो. मुलगा परदेशी, आई गावी एकटी, तारीख लक्षात ठेवायला कुणी नाही, अशा घरात मी ते सुरू करत नाही. ते थांबवायचं असेल तेव्हा जागी दुसरं औषध दिल्याशिवाय थांबवू नये. हाड नव्याने बांधणाऱ्या टेरिपॅराटाइडची गरज एक्स-रेत मणके दबलेले निघाले तर भासेल. नाही तर आत्ता तो विषय नको.

आणि पडणं. हाड कितीही ठिसूळ असलं तरी खुबा बहुधा पडल्यावरच मोडतो. आईंचा मोतीबिंदू तपासून घ्या. झोपेची गोळी आहे का, बीपीच्या गोळीने उठल्यावर चक्कर येते का, पाहा. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा, आत पकडायला दांडा, न घसरणारी चप्पल. अंगणात शेवाळ धरत असेल तर पावसाळ्याआधी घासून घ्या. चालणं चांगलंच, पण तेवढ्याने भागत नाही. खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, टाचांवर-चवड्यांवर उभं राहणं, ओट्याला धरून एका पायावर तोल सांभाळणं, जमेल तसं थोडं वजन उचलणं हे रोज हवं. एक्स-रे होईपर्यंत सूर्यनमस्कार, पश्चिमोत्तानासन, कमरेतून वाकून बादली उचलणं बंद, कारण पुढे वाकताना मणक्याच्या पुढच्या कडेवर सगळा भार येतो.

गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलं आहे. त्याचा या आकड्यांशी संबंध नाही. घनता कमी झाल्याने दुखत नाही, हाड मोडेपर्यंत हा आजार मुका असतो. गुडघ्याचं कारण सांध्याची कूर्चा. गोळीने गुडघेदुखी थांबली नाही म्हणून गोळी सोडू नका.

हाडं पहिल्यासारखी होतील का? तरुणपणीसारखी नाही. मणक्यांची घनता दोन-तीन वर्षांत काही टक्क्यांनी वाढते, खुब्याची त्याहून कमी. आकडा नुसता जागेवर राहिला आणि हाड मोडलं नाही तरी औषधाने काम केलं. पुढचा डेक्सा दोन वर्षांनी, त्याच मशीनवर. दोन मशीनचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. पूर्वी उणे २.२ आणि आता उणे २.३ असा किरकोळ फरक मोजणीतला असतो, त्यावरून औषध बदलू नका.

डॉक्टरांकडे जाताना डेक्साची सगळी पानं, मनगटाचा जुना एक्स-रे आणि आईंच्या सर्व गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, आम्लपित्ताची आणि दम्याचीसुद्धा. औषध सुरू असताना पाठीत अचानक कळ आली, किंवा मांडीत-जांघेत बोथट दुखणं आठवडाभर टिकलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. मांडी दुखत असेल तर एक्स-रे दोन्ही मांड्यांचा काढायला सांगा, कारण ही चीर पुष्कळदा दोन्हीकडे असते.